मेहरबाईंच्या नावाचा पैसा परदेशी का?

टाटा सन्सच्या शेअरांचं गणित या भागात मांडेन, असं कबूल केलं होतं. ते पुढं ढकलतो आहे. मेहरबाईंच्या ज्युबिली हिऱ्यावरचा भाग वाचून सांगलीच्या एका वाचक बाईंनी पत्रातून जाब विचारला आहे. हिऱ्याचा पैसा सर दोराबजी टाटा ट्रस्टकडं गेला हे समजलं, मग त्याच वर्षी मेहरबाईंच्या नावानं दुसरा ट्रस्ट कशाला? आणि त्याच्या उत्पन्नाचा मोठा वाटा परदेशी संशोधकांना का? खाली एक ओळ वेगळ्या शाईत: 'आपल्याकडं रोगी कमी होते का?'

शेअरांपेक्षा मला या प्रश्नात जास्त रस आहे.

सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई १८ जून १९३१ रोजी वेल्समधल्या रुथिन इथं ल्युकेमियानं गेल्या. वय ५१. मूलबाळ नव्हतं. दोराबजी तेव्हा सत्तरी ओलांडलेले. ११ मार्च १९३२ ला त्यांनी आपली जवळजवळ सगळी मालमत्ता, म्हणजे शेअर, जमिनी आणि पत्नीचे दागिनेसुद्धा, आपल्या नावाच्या ट्रस्टच्या हवाली केली. तेव्हाच्या भावानं सुमारे एक कोटी रुपये. टायपिनही ठेवली नाही म्हणतात. एप्रिलमध्ये लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट झाला. पत्नीच्या समाधीच्या दर्शनाला म्हणून ते युरोपला निघाले, पण वाटेत जर्मनीत बाड किसिंगेनला ३ जूनला त्यांचाही अंत झाला. इंग्लंडात ब्रुकवुडच्या दफनभूमीत दोघं शेजारी शेजारी आहेत.

माणूस एक, वर्ष एक, पण दोन्ही न्यासपत्रांचा स्वभाव अगदी उलटा. मेहरबाईंच्या ट्रस्टला एक रोग नेमून दिलेला. उत्पन्नाचे पाचातले चार भाग ल्युकेमिया आणि रक्ताच्या आजारांवरच्या संशोधनाला, तेही कुठल्याही देशातल्या. उरलेला पाचवा भाग भारतीयांनी करायच्या संशोधनाला, आणि इथं मात्र ल्युकेमियाची अट नाही. रोगामुळं माणसाला होणारा त्रास हलका करणारं कुठलंही काम चालेल.

सांगलीच्या बाईंना पाचातले चार भाग खुपतात. पण १९३२ साली ल्युकेमिया म्हणजे काय, हेच डॉक्टरांना नीट उमगलेलं नव्हतं. क्ष-किरण द्यायचे, आर्सेनिक द्यायचं आणि वाट बघायची. औषधानं तीव्र ल्युकेमिया तात्पुरता का होईना मागं हटतो, हे दिसायला १९४० च्या दशकाची अखेर उजाडली. या रोगाच्या मुळाशी जाणाऱ्या प्रयोगशाळा युरोप-अमेरिकेत, त्याही मोजक्या. तो पैसा मुंबईतच खर्च करायची अट घातली असती, तर बँकेत व्याज खात पडून राहिला असता. दोराबजींनी इथं व्यवहार पाहिला आणि मला तो पटतो.

राहिले इथले रोगी. त्यांचं उत्तर दुसऱ्या न्यासपत्रात आहे. सर दोराबजी ट्रस्टचा पैसा स्थळ, राष्ट्रीयत्व किंवा धर्म असा भेद न करता विद्या, संशोधन, संकटनिवारण आणि इतर धर्मादाय कामांसाठी वापरायचा. एवढं ऐसपैस कलम वाचून कुणाही वकिलाच्या कपाळाला आठ्या पडाव्यात. विश्वस्त आळशी निघाले असते तर सगळा पैसा किरकोळ देणग्यांत वाटून संपला असता. तसं झालं नाही, याचं थोडं श्रेय नागपाड्यात वस्तीकार्य करणाऱ्या क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन मिशनऱ्याला द्यायला हवं. त्यांच्या आग्रहातून १९३६ मध्ये समाजकार्य शिकवणारी शाळा निघाली; आज आपण तिला 'टिस' म्हणतो. २८ फेब्रुवारी १९४१ ला परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडलं. गावाकडून पेशंटला घेऊन 'टाटाला' जाणारे ज्या पैशानं उभ्या राहिलेल्या दारातून आत शिरतात, तो या मोकळ्या ट्रस्टचा. बायकोच्या आजाराचं नाव त्याच्या न्यासपत्रात कुठंही नाही.

आणि १२ मार्च १९४४ ला होमी भाभांनी याच ट्रस्टच्या अध्यक्षांना, सोराब सकलातवालांना, पत्र लिहून मूलभूत भौतिकशास्त्राच्या संस्थेसाठी मदत मागितली. होमी हे मेहरबाईंच्या भावाचे चिरंजीव. म्हणजे भाच्यानं आतोबांच्या ट्रस्टपुढं हात पसरला. नात्यागोत्याचा वास येतो, हे मी नाकारत नाही. पण त्यातून जून १९४५ मध्ये टीआयएफआर सुरू झाली, तेव्हा भाच्याची निवड चुकली असं म्हणायची माझी तयारी नाही. परळचं हॉस्पिटल १९५७ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडं आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडं गेलं. कॅन्सरचं इस्पितळ अणुऊर्जेच्या खात्यात कसं, हा प्रश्न अनेकांना पडतो; त्या खात्याची सूत्रं तेव्हा होमी भाभांच्याच हाती होती आणि किरणोपचार हा त्यांच्या आस्थेचा विषय होता.

दोन्हींतलं बरं न्यासपत्र कुठलं, असं विचाराल तर माझं मत मोकळ्याला. १९३२ मध्ये कुणा दात्याला भाभांचा विषय हेरून 'विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी' असं कलम सुचलं नसतं.

शेअरांचा हिशेब पुढल्या आठवड्यात, नक्की. तोवर एक सांगतो: मेहरबाईंच्या ट्रस्टच्या त्या पाचव्या भागातून भारतातल्या तरुण संशोधकांना आजही शिष्यवृत्त्या मिळतात. घरात कुणी जीवशास्त्रात पीएच.डी. करत असेल, तर तिच्या कानावर घाला.