वांझ म्हणण्याआधी तपासणी करा

लग्नाला वर्ष झाले की शेजारणी विचारू लागतात, "काही आहे की नाही?" दोन वर्षांनी सासूबाईंचा स्वर बदलतो. तिसऱ्या वर्षी मुलाच्या दुसऱ्या लग्नाची भाषा सुरू होते. पण मुलाला आणि सुनेला दोघांना मिळून डॉक्टरकडे न्यावे, हे फार थोड्या घरांना सुचते.

दिवस राहण्यासाठी आधी स्त्रीबीज सुटावे लागते. बाईच्या ओटीपोटात दोन बीजांडकोश असतात. साधारणपणे दर महिन्याला त्यांतून एक बीज पक्व होऊन बाहेर पडते. पुढच्या पाळीच्या सुमारे १४ दिवस आधी हे घडते. सुटलेले बीज १२ ते २४ तासच टिकते. शुक्रजंतू मात्र ५ दिवसांपर्यंत जगू शकतात. म्हणून बीज सुटण्याआधीचे चार-पाच दिवस आणि तो दिवस महत्त्वाचा.

काही भगिनींच्या बाबतीत बीज सुटतच नाही, किंवा क्वचितच सुटते. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण चौथ्या हिश्श्यात हे कारण सापडते. पाळी दीड-दोन महिन्यांनी येणे किंवा बंदच होणे, ही त्याची मुख्य खूण. यामागे बहुतेक वेळा 'पीसीओएस' हा विकार असतो. त्यात वजन वाढते, हनुवटीवर केस येतात, मुरुमे उठतात. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी त्याचे वर्णन केले होते. थायरॉईडचा बिघाड, प्रोलॅक्टिन या संप्रेरकाची वाढ, वजन फारच कमी असणे, चाळिशीच्या आतच बीजे संपत येणे, हीही कारणे आहेत.

तपासणी अवघड नाही. रक्ताची तपासणी आणि सोनोग्राफी यांतून बरेच कळते. पाळी २८ दिवसांची असेल, तर २१ व्या दिवशी रक्तातील प्रोजेस्टेरॉन पाहून बीज सुटले की नाही ते समजते. पतीच्या वीर्याची तपासणीही त्याच वेळी व्हावी. दोष पुरुषात असल्याचेही पुष्कळदा आढळते आणि ती तपासणी तर सर्वांत सोपी.

उपचारही आहेत. वजन जास्त असेल तर ते शंभरात पाच ते दहा भागांनी घटवले, तरी अनेकींची पाळी सुधारते. थायरॉईडला गोळी आहे. बीज सुटण्यासाठी लेट्रोझोल, क्लोमिफेन या गोळ्या देतात. मात्र त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्याव्यात. शेजारणीच्या चिठ्ठीवरून आणू नयेत.

प्रयत्न करून एक वर्ष झाले, तर दोघांनी तपासून घ्यावे. बाईचे वय ३५ च्या पुढे असेल, तर सहा महिन्यांतच जावे. पाळी अनियमित असेल, तर तितकीही वाट पाहू नये.

सासूबाई, सुनेला बोल लावू नका. उद्या सकाळी तिच्याबरोबर मुलालाही दवाखान्यात पाठवा.