रक्षक आणि त्याचा जोर

बुद्धिबळ खेळणाऱ्यास जोर म्हणजे काय हें निराळें सांगावें लागत नाहीं. पुढें सरकलेलें प्यादें घोड्याच्या किंवा उंटाच्या माऱ्यांत असलें कीं त्या प्याद्यास जोर आहे असें म्हणतात. वस्तुतः प्याद्यावर येणारा घाव घोडा आपल्या अंगावर घेत नाहीं. प्रतिपक्षास तें प्यादें मारण्यास कोणतीच आडकाठी नसते. मारणारा मोहरा उलट मारला जाईल, एवढेंच काय तें भय. आणि त्या भयापोटींच प्यादें पुष्कळदां वांचतें. रक्षण करावयाचें म्हणजे पुढें ढाल धरून उभें राहावयाचें, ही सामान्य समजूत किती अपुरी आहे हें यावरून ध्यानांत येतें. हीच गोष्ट अधिक विस्तारानें पाहावयास मिळते ती ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अमेरिकन खेळांत.

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ सालीं प्रथम प्रसिद्ध झाला. चारसहा मंडळी मेजाभोंवतीं बसतात. त्यांतील एकजण सूत्रधार. गुहा, राक्षस, दरोडेखोर हीं सर्व त्याच्या स्वाधीन. इतर प्रत्येकजण एकेक पात्र चालवितो. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. पात्रानें काय करावयाचें तें खेळाडूनें बोलून सांगावयाचें, आणि तें साधलें कीं नाहीं याचा निर्णय बहुधा वीस बाजूंच्या फाशानें लावावयाचा. जादूगाराचें मंत्रसामर्थ्य मोठें, पण शरीर नाजूक. त्याचें पात्र मेलें म्हणजे तें चालविणाऱ्याच्या नशिबीं पुष्कळदां उरलेली संध्याकाळ नुसतें पाहत बसणें येतें. तेव्हां जादूगाराचें रक्षण हा केवळ डावपेचांचा प्रश्न नव्हे. मेजावरील एका सोबत्यास खेळांत राखण्याचाही तो प्रश्न आहे.

प्रारंभींच्या काळांत यावर साधा उपाय होता. भुयाराची वाट अरुंद असे. चिलखत घातलेले दोघे पुढें उभे राहिले कीं मागच्यांपर्यंत शत्रूची तलवार पोंचत नसे. अर्धें रक्षण भिंतीच करीत. परंतु लढाई मोकळ्या मैदानांत आली कीं हा उपाय लंगडा पडतो. शत्रू वळसा घालून सरळ जादूगारावर जाऊं शकतो. योद्ध्याचें चिलखत जितकें अभेद्य, तितका त्याच्यावर वार करण्याचा शत्रूचा उत्साह कमी. आणि त्याच्याकडे दुर्लक्ष केल्यानें कांहीं बिघडत नसेल, तर शहाणा शत्रू त्याला सोडून पुढें जाणारच. स्वतः सुरक्षित असणें आणि दुसऱ्यास सुरक्षित ठेवणें या अशा भिन्न गोष्टी ठरतात. संगणकावरील खेळांत राक्षसानें कोणावर धावून जावें हें आंतल्या हिशेबानें ठरवून देतां येतें. मेजावर राक्षस चालविणारा सूत्रधार हा विचार करणारा माणूस. त्याची बुद्धि नियमानें जखडून टाकली तर खेळाची मौजच जाईल. सक्ती न करतां शत्रूचें मन कसें वळवावें, हा खरा पेंच आहे.

२००८ सालीं निघालेल्या चवथ्या आवृत्तीनें हा पेंच उघडपणें हातीं घेतला. तींत पात्रांची त्यांच्या कामगिरीवरून चार प्रकारांत विभागणी केली असून एक प्रकार रक्षकांचा आहे. सर्व रक्षकांचें समान साधन म्हणजे खूण. रक्षकानें शत्रूवर खूण केली कीं, त्या रक्षकास वगळून केलेल्या हल्ल्यांत शत्रूच्या फाशांतून दोन वजा होतात. दंड लहान आहे आणि शत्रूचें स्वातंत्र्य शाबूत आहे. रक्षकारक्षकांतील भेद दिसतो तो खुणेची अवज्ञा झाल्यानंतर.

फायटर, म्हणजे योद्धा, हा सर्वांत रोखठोक. त्याचा वार लागो वा चुको, ज्यावर तो केला त्यावर खूण करतां येते. असा शत्रू पटावर शेजारच्या घरांत असतां दुसऱ्यावर हल्ला करूं लागला, तर तो हल्ला पुरा होण्यापूर्वींच योद्धा वार करूं शकतो. मात्र ही शिक्षा हाताच्या अंतरावरची, आणि फेरींत एकदांच.

पॅलाडिन हा धर्मवीर. पांच घरांच्या आंतील एका शत्रूस तो आव्हान देतो. त्या शत्रूनें त्याला डावलून दुसऱ्यावर हल्ला केला कीं दिव्य तेजानें त्याला आपोआप इजा होते. फासा टाकण्याचेंही कारण नाहीं. परंतु आव्हान देऊन दूर राहतां येत नाहीं. आपल्या पाळीला त्या शत्रूवर हल्ला तरी केला पाहिजे, नाहीं तर पाळीअखेर त्याच्या शेजारीं तरी असलें पाहिजे. अन्यथा आव्हान विरतें.

खड्गधारी मांत्रिक जो स्वोर्डमेज, त्याची रीत याच्या उलट. खूण करून तो खुशाल दूर जातो. शत्रूनें सोबत्यावर वार केला कीं दहा घरांच्या आंतून एक प्रकारचा स्वोर्डमेज त्या घावाचा जोर मंत्रानें कमी करतो. दुसऱ्या प्रकारचा क्षणांत शत्रूजवळ प्रकट होऊन त्यावर वार करतो. २०१० सालीं आलेला बॅटलमाइंड हा मनोबळानें लढणारा. शेजारच्या शत्रूनें सोबत्यास जेवढी इजा केली, तेवढीच तो शत्रूला परत भोगावयास लावतो.

एका प्रसंगावर या चौघांची परीक्षा करून पाहावी. जादूगाराचें बळ दहा उरलें आहे, आणि खूण झालेल्या राक्षसाचा पंधराचा घाव त्याच्यावर आला आहे. योद्धा आधीं वार करील. त्यांत राक्षस मेला तर उत्तम, न मेला आणि त्याचा घाव लागला तर जादूगार पडलाच. पॅलाडिनच्या तेजानें राक्षस भाजेल, पण जादूगार पडेल. बॅटलमाइंड राक्षसास पुरे पंधरा परत करील, तरीही जादूगार पडेल. घाव कमी करणाऱ्या स्वोर्डमेजनें त्यांतील आठ नाहींसे केले, तर सातच लागून जादूगाराचे तीन शिल्लक राहतील.

यावरून स्वोर्डमेज श्रेष्ठ असें म्हणावें, तर त्यांतही एक खोंच आहे. घाव नुसता कमी करणाऱ्याची शत्रूला भीति अशी वाटत नाहीं. स्वतःचें कांहींच जात नसल्यामुळें तो पुन्हां जादूगाराकडे वळूं शकतो. उलट बॅटलमाइंड शेजारीं असतां, पंधरापेक्षां कमी बळ उरलेला राक्षस तो घाव घालण्याचें धाडसच सहसा करणार नाहीं. शिक्षेचा धाक हिशेब जाणणाऱ्या शत्रूपुढें चालतो. मरावयास तयार असलेल्या पिसाट शत्रूपुढें धाक व्यर्थ, तेथें घाव अडविणारा हातच पाहिजे. म्हणून रक्षक निवडतांना आधीं शत्रूचा स्वभाव पाहावा लागतो.

२०१४ सालच्या पांचव्या आवृत्तींत खूण ही रक्षकांची समान खूणगांठ राहिली नाहीं. तींत ढाल घेतलेला रक्षक पांच फुटांच्या आंतील सोबत्यावर हल्ला होतांच मध्यें पडूं शकतो, आणि शत्रूस दोन फासे टाकून त्यांतील कमी दान घ्यावें लागतें. धाकाकडून पुन्हां ढालीकडे असें हें वळण आहे. तथापि तेथेंही हें फेरींत एकदांच करतां येतें, आणि तेवढ्यासाठीं रक्षकास सोबत्याजवळ राहावें लागतें.

या खेळांत शत्रू लोळविणाऱ्याची वाहवा लागलीच होते. रक्षकाचें यश म्हणजे न बसलेले घाव, आणि ते कोणी मोजीत नाहीं. तें मोजावयाचेंच झालें तर संध्याकाळच्या शेवटीं जादूगाराचा खेळाडू फासे हातांत घेऊन अजून मेजावर बसला आहे कीं नाहीं, एवढें पाहावें.