चंद्रावर जाताना काय घालाल?

भर उन्हात निघायचं तर सनस्क्रीन, गॉगल, स्कार्फ. झालं! पण चंद्रावर निघालात तर? हा प्रश्न मला पडला हेल्गा आणि झोहारमुळे. नोव्हेंबर-डिसेंबर २०२२ मध्ये नासाच्या आर्टेमिस-१ मोहिमेत या दोघी चंद्राला फेरी मारून आल्या. दचकू नका, दोघीही पुतळे आहेत. आत रेडिएशन मोजणारे हजारो सेन्सर्स. झोहारच्या अंगात संरक्षक जाकीट, हेल्गा मात्र तशीच!

भानगड अशी की, पृथ्वीचं वातावरण आणि चुंबकीय क्षेत्र ही आपली फुकटातली छत्री. ती सुटली की सूर्याकडून आणि दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांतून येणारे वेगवान कण थेट शरीरात घुसतात, डीएनए तोडतात. पुढे कॅन्सरची भीती. छातीच्या एका एक्स-रेचा डोस साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट. क्युरिऑसिटी यानाने मंगळाच्या वाटेवर रोजचा सुमारे १.८ मोजला. म्हणजे दिवसाला अठरा एक्स-रे! आणि नासाची अख्ख्या करिअरची मर्यादा आहे ६००.

मग भिंती जाड करा की! मलाही आधी हेच वाटलं. पण वजन वाढतं, शिवाय कण धातूवर आपटले की त्यातून आणखी कण उडतात. त्यापेक्षा हायड्रोजन भरपूर असलेलं पाणी किंवा पॉलिथिलीन बरं. हो, आपल्या पिशव्यांचं प्लास्टिक!

ते कुठे, किती लावायचं याचा हिशेब कॉम्प्युटर करतो. सर्नमध्ये जन्मलेलं जीएंट-४ सॉफ्टवेअर एकेका कणाचा भिंतीतून, अवयवांतून होणारा प्रवास फासे टाकल्यासारखा पुन्हा पुन्हा खेळून बघतं. म्हणूनच ओरायन यानात सौरवादळाचा प्लॅन साधा आहे: जमिनीखालच्या कप्प्यांत शिरा, भोवती सामानाच्या बॅगा रचा. आर्टेमिस-१ मध्ये तर व्हॅन ॲलन पट्ट्यातून जाताना यान नुसतं ९० अंशांत वळलं आणि आतला डोस निम्म्यावर आला!

ऑगस्ट १९७२ मध्ये प्रचंड सौरवादळ झालं. अपोलो-१६ एप्रिलमध्येच परतलं होतं, अपोलो-१७ डिसेंबरमध्ये निघालं. तेव्हा वाचवलं ते नशिबाने.

आणि पुतळे बायकांचेच का? त्यांच्या शरीराला रेडिएशनचा धोका जास्त मानला जातो. म्हणून पूर्वी नासाची मर्यादा वय आणि लिंगानुसार बदलायची. बायकांना कमी डोस, म्हणजे अंतराळात कमी दिवस. २०२२ पासून मात्र सगळ्यांना एकच आकडा. समान संधी मिळाली खरी, आता संरक्षणही तितकंच चोख हवं. हेल्गा-झोहार गेल्या होत्या त्यासाठीच.