कणांचे आकारमान आणि उच्च-ऊर्जा पदार्थांची आघात-संवेदनशीलता

प्रस्तावना

आर.डी.एक्स., एच.एम.एक्स., पी.ई.टी.एन. यांसारख्या उच्च-ऊर्जा पदार्थांचा अभ्यास करताना प्रथम लक्ष जाते ते त्यांच्या रासायनिक सूत्राकडे. तथापि सूत्र एकच असलेले दोन नमुने आघाताला भिन्न प्रतिसाद देतात. अशा पदार्थांचे उत्पादन, चाळणी व वाहतूक करणाऱ्या कामगारांच्या सुरक्षिततेशी या भिन्नतेचा थेट संबंध आहे. (मराठीत 'आकार' हा शब्द घडण व मोठेपणा अशा दोन्ही अर्थांनी येतो, म्हणून प्रस्तुत लेखात लहानमोठेपणासाठी 'आकारमान' हा शब्द योजला आहे.)

तप्तबिंदूंची संकल्पना

पस्तीस मिलिग्रॅम नमुन्याने आघाताची पाच ज्यूल ऊर्जा पूर्णपणे व समप्रमाणात शोषली असे मानले, तरी त्याचे तापमान सुमारे १४० अंशांनीच वाढेल. एवढ्या वाढीने क्षणार्धात विघटन होण्याचे कारण नाही. परंतु काही पदार्थांचा याहून कमी आघातानेही स्फोट होतो. याचे स्पष्टीकरण केंब्रिज येथील बाउडेन व योफ यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केले. ऊर्जा काही सूक्ष्म जागी एकवटते, असे त्यांचे प्रतिपादन होते. या तप्तबिंदूंचा व्यास ०.१ ते १० मायक्रोमीटर, आयुष्य सेकंदाच्या लाखाव्या ते हजाराव्या भागाइतके आणि तापमान सुमारे ४३० अंश सेल्सिअसहून अधिक असते. अडकलेल्या वायूचे संपीडन, स्फटिकांमधील घर्षण व कर्तन यांमुळे ते निर्माण होतात. काचेच्या चुऱ्यासारखे उच्च द्रवणांकाचे बाह्य कण मिसळल्यास धोका वाढतो, तर कमी द्रवणांकाचे कण आधीच वितळून जातात.

आकारमानाचा दुहेरी परिणाम

तप्तबिंदूतील उष्णता वहनाने निघून जाण्यास लागणारा काळ त्याच्या त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. त्रिज्या दहापट घटली तर तो शंभरपट लवकर निवतो. मोठ्या स्फटिकांत पोकळ्या व मातृद्रवाचे अंश अडकण्याची शक्यता अधिक. दाबाखाली ते तडकतातही. म्हणून अनेक प्रयोगांत भरड नमुने अधिक संवेदनशील आढळले आहेत.

परंतु प्रज्वलन व प्रसार या भिन्न अवस्था आहेत. एक मिलिमीटर बाजूच्या घनाचे दहा मायक्रोमीटर बाजूचे घन केल्यास त्यांची संख्या दहा लाख होते व पृष्ठफळ शंभरपट वाढते. पेटलेली अभिक्रिया अशा पृष्ठावर वेगाने पसरते. आघात-तरंगांच्या बाबतीत म्हणूनच कमी दाबास भरड व अतिउच्च दाबास बारीक नमुना अधिक संवेदनशील ठरल्याचे दिसते. 'बारीक म्हणजे सुरक्षित' हा नियम त्यामुळे सरसकट लावणे प्रस्तुत लेखकास धोक्याचे वाटते.

मापनातील अडचण

ठराविक वजन वेगवेगळ्या उंचींवरून सोडून निम्म्या वेळा स्फोट घडविणारी उंची काढतात. त्यासाठीची वर-खाली पद्धत दुसऱ्या महायुद्धकाळात अमेरिकेतील ब्रूसटन येथे विकसित झाली. डिक्सन व मूड यांनी १९४८ मध्ये तिचे संख्याशास्त्रीय विवेचन केले. मात्र स्फोट झाला हे आवाजावरून ठरवायचे की वायूच्या प्रमाणावरून, याबाबत प्रयोगशाळांत एकवाक्यता नाही. शिवाय ऐरणीवर चिरडताना मूळ कण मोडतात. नोंदवहीत लिहिलेले आकारमान स्फोटाच्या क्षणी उरलेलेच असते असे नाही. तेव्हा उंचीच्या आकड्यासोबत चाळणीचे माप, कणांची घडण व आर्द्रता यांची नोंद नसेल, तर दोन ठिकाणच्या निष्कर्षांची तुलना करता येत नाही.