स्वतःशीच असमान

पायथॉनमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करून पाहा. उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. एक-तृतीयांश जसा आपल्याला दशांशात पुरता लिहिता येत नाही, तसा यंत्राला ०.१ द्विमान पद्धतीत पुरता लिहिता येत नाही. मग एका कॉलममध्ये ही बेरीज आणि दुसऱ्यात थेट ०.३ असेल, आणि युनिट टेस्टमध्ये, म्हणजे कोडच्या छोट्या चाचणीत, ‘हे दोन कॉलम सारखे आहेत का?’ असं विचारलं, तर प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असंच येणार!

पायथॉनच्या पांडाज या तक्त्यांच्या लायब्ररीत कॉलमच्या तुलनेसाठी ‘असर्ट सिरीज इक्वल’ नावाचं फंक्शन आहे. दशांशांना ते सवलत देतं. न सांगता मिळणारी सूट साधारण लाखात एका भागाची. बाकी मात्र कमालीचं काटेकोर. कॉलमचं नाव किंवा ओळींची लेबलं वेगळी असली की टेस्ट फेल. एकीकडे पूर्णांक २ आणि दुसरीकडे दशांशातला २.० असला, तरी फेल.

सगळ्यात अजब प्रकार रिकाम्या जागेचा. तिथे बहुधा ‘नॅन’ (‘नॉट अ नंबर’, म्हणजे ‘संख्या नाही’) बसतो, आणि १९८५च्या आयईईई ७५४ मानकानुसार नॅन स्वतःशीसुद्धा समान नसतो. शून्य भागिले शून्य म्हणजे नॅन, अनंत वजा अनंत म्हणजेही नॅन. या दोघांना एक का मानावं? तर्क बिनतोड आहे, पण त्यापायी साध्या तुलनेत कॉलम स्वतःशीच जुळत नाही. हे फंक्शन मात्र दोन्हीकडे त्याच जागी नॅन दिसला की जुळलं म्हणतं. टेस्ट लिहिताना हाच शहाणपणा हवा. शिवाय नॅन जातीने दशांश: पूर्णांकांच्या यादीत एक जागा रिकामी राहिली, की पांडाज सहसा अख्खा कॉलम दशांशात नेतं, आणि प्रकार बदलला म्हणून टेस्ट पुन्हा फेल.

मराठी मजकुराच्या कॉलममध्ये तर डोळेच फसतात. ‘दुसऱ्या’मधला ऱ युनिकोडमध्ये एकाच चिन्हाने लिहिता येतो, किंवा र आणि नुक्ता असा जोडून. तिसरी रीतही आहे: र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही शब्द सहसा हुबेहूब दिसतात, तुलनेत तिन्ही वेगळे. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने पहिल्या दोन रीती एक होतात. तिसरी तशीच राहते. ती बदलून घेणारी ओळ आपणच टेस्टच्या आधी लिहायची.