व्यापारचिन्हाच्या वादातील मुदती : कोणती वाढते व कोणती वाढत नाही

हल्ली आपल्यापैकी पुष्कळ शेतकरी बंधू गट करून अगर उत्पादक कंपनी स्थापून गूळ, हळद, काजू इत्यादी माल स्वतःच्या नावाने विकू लागले आहेत. ही गोष्ट खरोखर आनंदाची होय. नाव बाजारात रुळले म्हणजे ते मुंबईच्या व्यापारचिन्ह कार्यालयात नोंदवून घेण्याची बुद्धीही आता होऊ लागली आहे. परंतु अर्ज केला म्हणजे काम संपले असे नाही. दुसऱ्या कोणी त्यास विरोध केला तर ठरल्या मुदतीत कागद द्यावे लागतात, व तेथेच आपली मंडळी फसतात.

प्रस्तुत लेखकाने तीस वर्षे महसूल खात्यात कारकुनी केली. त्या खात्यातील रिवाज निराळा. जमीन महसूल संहितेच्या कलम २५० अन्वये कनिष्ठ अधिकाऱ्याच्या निर्णयावर ६० दिवसांत अपील करावे लागते; पण उशीर झाला व कारण सबळ असले तर कलम २५१ अन्वये ते मागाहूनही दाखल होऊ शकते. विलंब माफीचे असे कितीतरी अर्ज या हातांनी पुढे ठेवले आहेत. त्याच सवयीने एक चूक झाली. शेजारच्या तालुक्यातील एका गटाच्या गुळाच्या नावास विरोधाची नोटीस आली, तेव्हा ते सल्ल्यास आले. गुऱ्हाळे ऐन भरात होती. मी सांगितले, "हंगाम उरकू द्या, मग विलंब माफीचा अर्ज जोडून उत्तर देऊ." हंगाम उरकला तेव्हा अर्जही निकालात निघाला होता. नवा अर्ज, नवे शुल्क करावे लागले व जुनी तारीख कायमची गेली. इतरांवर हा प्रसंग न यावा म्हणून ही हकीकत येथे मांडली आहे.

आता कायदा पाहू. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ याच्या कलम २१ मध्ये दोन मुदती आहेत. चिन्ह व्यापारचिन्ह पत्रिकेत प्रसिद्ध झाल्यापासून ४ महिन्यांच्या आत कोणासही विरोध करता येतो. पूर्वी ही मुदत ३ महिने असून तीत १ महिना वाढ मिळत असे; २०१० च्या दुरुस्तीने ती सरसकट ४ महिने झाली. दुसरी मुदत अर्जदाराची. विरोधाच्या नोटिशीची प्रत मिळाल्यापासून २ महिन्यांत प्रतिनिवेदन, म्हणजे नोटिशीस लेखी उत्तर, दिले पाहिजे. न दिल्यास अर्ज सोडून दिला असे कायदाच मानतो.

मुदत वाढविण्याचे कलम १३१ आहे. पुरेसे कारण दिसल्यास निबंधकास मुदत वाढविता येते. मुदत उलटून गेल्यावरही येते. परंतु त्या कलमातील कंसातले शब्द नीट वाचावेत. जी मुदत खुद्द अधिनियमात स्पष्ट दिलेली आहे तीस हे कलम लागू नाही. म्हणून वरील ४ महिने व २ महिने निबंधकासही वाढविता येत नाहीत. गुळाचे प्रकरण फसले ते येथेच.

नंतर पुराव्याची पाळी येते. या मुदती २०१७ च्या नियमांत आहेत. प्रतिनिवेदन मिळाल्यावर विरोधकास २ महिने, त्याचा पुरावा मिळाल्यावर अर्जदारास २ महिने, व प्रत्युत्तराच्या पुराव्यास विरोधकास १ महिना. २००२ च्या जुन्या नियमांत पहिल्या दोहोंस १ महिन्याची वाढ होती. ती २०१७ साली काढून टाकली. सन फार्मा व डाबर यांच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२४ साली विरोधकाच्या पुराव्याची मुदत बंधनकारक ठरविली. तेव्हा याही मुदती अढळच समजून चालावे.

मग सवलत कोठे मिळते? विरोधापूर्वीच्या परीक्षण अहवालास १ महिन्यात उत्तर द्यावयाचे असते. तेथे टीएम-एम नमुन्यावर कारणे दाखवून वाढ मागता येते व ती फार तर १ महिन्याची मिळते. तसेच सुनावणीची तारीख पुढे ढकलता येते. मात्र अर्ज किमान ३ दिवस आधी करावा लागतो, अशी संधी दोनदाच मिळते, व प्रत्येक वेळी ३० दिवसांहून अधिक नाही. कलम १३१ खाली दिलेल्या हुकुमावर अपील चालत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

अढळ मुदती एकदा मात्र थांबल्या होत्या. महामारीच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला, व त्याचा लाभ व्यापारचिन्हाच्या विरोधासही मिळतो असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ साली ठरविले. पण ती सवलत सर्व देशावरील संकटाची होती. एकट्याच्या घरचे लग्न किंवा हंगाम यांसाठी ती मिळणार नाही.

सबब पुढील गोष्टी कराव्यात. नोटीस बहुधा ईमेलने येते, आणि नियमाप्रमाणे ईमेल पाठविला की ती बजावली गेली असे धरतात. म्हणून पुण्याला शिकावयास गेलेल्या मुलाचा पत्ता न देता गटाचा कायमचा पत्ता द्यावा व तो रोज पाहण्याचे काम एकावर सोपवावे. सरकारी कचेरीतील आवक बारनिशीप्रमाणे एक वही ठेवून आलेल्या कागदाची तारीख व शेवटचा दिवस तीत लिहावा. प्रतिनिवेदन टीएम-ओ नमुन्यावर द्यावयाचे असते. त्यासाठी वकील अगर व्यापारचिन्हाचा अभिकर्ता पहिल्याच आठवड्यात गाठावा. मालाची जुनी बिले, पट्ट्या व छापील पिशव्या आधीपासून जपून ठेवाव्यात, म्हणजे पुराव्याच्या वेळी धावाधाव होणार नाही.

पेरणीचा वाफसा गेला तर आपण कोणाकडे माफीचा अर्ज करीत नाही. ही मुदतही तशीच समजावी, एवढीच विनंती.