तहात न लिहिलेले वाक्य

ऑगस्ट १९९३. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील नोव्हा स्कोशिया प्रांतात, पॉमकेट बंदरात, डोनाल्ड मार्शल यांनी एका लहान होडीतून ईल मासे पकडले. ईल म्हणजे आपल्या वामसारखा लांबट, सापासारखा दिसणारा मासा. मासे भरले ४६३ पौंड, म्हणजे सुमारे २१० किलो. ते विकून ७८७ डॉलर १० सेंट मिळाले. परवान्याशिवाय मासेमारी, परवान्याशिवाय विक्री आणि बंदीच्या काळात जाळे लावणे असे आरोप ठेवून त्यांच्यावर खटला भरण्यात आला. मार्शल मिकमाक समाजाचे होते. (त्यांच्या भाषेतला उच्चार ‘मीगमाख’च्या जवळ जातो.) आपण हे सारे केले, हे त्यांनी नाकारले नाही. त्यांचे म्हणणे एवढेच होते, की माझ्या पूर्वजांनी १७६० साली इंग्लंडच्या राजाशी तह केला आहे आणि त्या तहाने मला हा हक्क दिला आहे. खालच्या दोन न्यायालयांनी हे मानले नाही. १७ सप्टेंबर १९९९ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध दोन मतांनी मार्शल यांना निर्दोष ठरवले.

विज्ञान शिकवणाऱ्यांच्या मासिकात हा विषय कशाला, असे वाटेल. कारण दोन आहेत. अपुऱ्या पुराव्यावरून निष्कर्ष कसा काढावा, याचे इतके चांगले उदाहरण आपल्या प्रयोगवहीत सापडत नाही. शिवाय या वादात ‘शास्त्रीय कारण’ हा शब्द इतक्या वेळा वापरला गेला, की विज्ञानाच्या शिक्षकाने त्याच्याकडे पाठ फिरवणे बरे दिसणार नाही.

आधी नकाशा. नोव्हा स्कोशिया, प्रिन्स एडवर्ड बेट, न्यू ब्रन्सविकचा पूर्व भाग, क्वेबेकचे गास्पे द्वीपकल्प आणि न्यूफाउंडलंड, एवढा मुलूख मिकमाक लोक आपला मानतात. त्याला ते ‘मिकमाकी’ म्हणतात. नोव्हा स्कोशियातील डेबर्ट येथे माणसाच्या वस्तीच्या खुणा सापडल्या आहेत, त्या सुमारे १३ हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. उन्हाळ्यात किनाऱ्यावर मासे आणि शिंपले, हिवाळ्यात आत जंगलात शिकार, असा या लोकांचा वर्षाचा फेरा असे. हा फेरा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

अठराव्या शतकात या किनाऱ्यासाठी इंग्रज आणि फ्रेंच भांडत होते. मिकमाक फ्रेंचांच्या बाजूला झुकलेले होते. त्यांना आपलेसे करण्यासाठी इंग्रजांनी १७२५ पासून १७७९ पर्यंत एकामागून एक तह केले. ते ‘शांतता आणि मैत्रीचे तह’ म्हणून ओळखले जातात. वर्गात इथे हमखास एक गैरसमज निघतो. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी चार मण्यांच्या बदल्यात जमिनी देऊन टाकल्या, हे मुलांनी कुठेतरी ऐकलेले असते. या तहांत जमीन देऊन टाकल्याचे वाक्यच नाही. १७२६ च्या तहात मिकमाकांनी झालेल्या आणि पुढे ‘कायदेशीररीत्या’ होणाऱ्या वसाहतींना त्रास न देण्याचे कबूल केले आहे, एवढेच. त्या ‘कायदेशीररीत्या’चा अर्थ कोणी ठरवायचा, हा वाद अजून मिटलेला नाही.

आता मार्शल यांच्या कामी आलेला तह. तो १० मार्च १७६० रोजी हॅलिफॅक्स येथे झाला. त्यातल्या महत्त्वाच्या कलमाचा आशय असा: आम्ही आमचा माल गव्हर्नरने नेमलेल्या ट्रकहाउसखेरीज इतर कोणालाही देणार नाही. (ट्रकहाउसचा मालमोटारीशी संबंध नाही. जुन्या इंग्रजीत ‘ट्रक’ म्हणजे अदलाबदल; ही सरकारी व्यापाराची ठाणी होती.) म्हणजे कागदावर हक्क नाही, बंधन आहे. मासे पकडण्याचा तर उल्लेखही नाही. मग हक्क आला कुठून?

मुलांना समजावताना मी दुधाचे उदाहरण घेतो. समजा, गावातल्या एका शेतकऱ्याने लिहून दिले, की ‘मी माझे दूध याच डेअरीला घालीन, दुसरीकडे घालणार नाही.’ या कागदात म्हशी पाळण्याचा हक्क लिहिलेला आहे का? नाही. पण म्हशी पाळायला बंदी असती, तर हा कागद करण्यात काय अर्थ होता? दूध घालण्याचे वचन घेणाऱ्याने दूध काढण्याला मान्यता दिलीच आहे. न्यायालयाच्या बहुमताचा युक्तिवाद जवळपास हाच होता. विकण्याचे वचन घेतले, म्हणजे विकण्यासाठी माल मिळवण्याचा, शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क त्यात गृहीत आहे.

एवढ्यावर थांबलो तर मुलांना एकच बाजू कळेल. पुढचा प्रश्न घाला: दोन वर्षांनी डेअरीच बंद पडली, तर? ट्रकहाउसे खरोखरच १७६२ मध्ये बंद झाली, त्यांच्या जागी परवानाधारक व्यापारी आले आणि १७८० च्या दशकात तेही संपले. वेगळे मत देणाऱ्या दोन न्यायाधीशांचे म्हणणे होते, की हक्क त्या ठाण्यांवर माल नेण्यापुरता होता, ठाणी गेली तशी बात संपली. बहुमताने म्हटले, की डेअरी बंद केली कोणी? इंग्रजांनीच ना? मग एका पक्षाने आपली सोय पाहून दुकान मोडले, म्हणून दुसऱ्याचे पोट भरण्याचे साधन कसे जाईल? वर्गाचे दोन गट करून हा वाद घालू द्यावा. मला बहुमताची बाजू पटते, पण दुसरी बाजू पोकळ नाही.

इथे कागदाबाहेरचा पुरावा महत्त्वाचा ठरतो. कागद इंग्रजीत. मिकमाकांनी त्यावर खुणा केल्या. बोलणी दुभाष्यांमार्फत झाली. शब्द एकाच पक्षाने लिहिले असतील, तर नुसत्या शब्दांवर विसंबणे म्हणजे वजनकाट्याचे एकच पारडे तपासणे. त्याच वर्षी, तशाच अटींवर शेजारच्या मलिसीट आणि पासमाक्वॉडी लोकांशी तह झाला. त्याच्या बोलण्यांची नोंद गव्हर्नरच्या कौन्सिलच्या दप्तरात आहे. आणखी काही मागायचे आहे का, असे विचारल्यावर प्रतिनिधी म्हणाले, की कातड्यांच्या बदल्यात गरजेच्या वस्तू मिळाव्यात म्हणून ट्रकहाउस उघडावे. म्हणजे ज्याला आपण बंधन समजत होतो, ती मुळात या लोकांची मागणी होती! खटल्यात सरकारी बाजूच्या इतिहासतज्ज्ञानेही साक्षीत मान्य केले, की माल आणायचा तर तो मिळवण्याची मुभा ओघाने आलीच.

पुरावा वाचणाऱ्याची दृष्टी निष्कर्ष कसा बदलते, हे पाहायचे तर साठ-सत्तर वर्षे मागे जावे लागेल. १९२७ साली मिकमाकांचे महाप्रमुख गॅब्रिएल सिलिबॉय यांना मस्करॅट या पाणउंदरासारख्या प्राण्याची कातडी जवळ बाळगल्याबद्दल पकडले. त्यांनी १७५२ चा तह पुढे केला. १९२८ च्या निकालात न्यायाधीशांनी सांगितले, की असल्या रानटी लोकांना तह करण्याची पात्रताच नव्हती. कागद होता, पण वाचायलाच नकार. त्याच काळात, १९२७ पासून १९५१ पर्यंत, कॅनडाच्या कायद्याने सरकारच्या परवानगीशिवाय जमिनीच्या दाव्यासाठी निधी गोळा करणे गुन्हा ठरवले होते. ‘एवढी वर्षे हे लोक बोलले का नाहीत’ असे एखाद्या मुलाने विचारले, तर हे सांगावे. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दुसऱ्या खटल्यात तोच १७५२ चा तह वैध धरला आणि १९२८ ची भाषा जुन्या काळच्या पूर्वग्रहांची आहे असे म्हटले. सिलिबॉय यांना नोव्हा स्कोशिया सरकारने माफी दिली ती २०१७ मध्ये. ते १९६४ मध्येच वारले होते.

जमिनीचा प्रश्न आणि शिकारी-मासेमारीचा प्रश्न मात्र वेगळे ठेवावेत. वर्तमानपत्रेही ते एकत्र करतात. सरकारी जंगलातील लाकूडतोडीच्या खटल्यांत २००५ साली मिकमाक हरले. न्यायालय म्हणाले, की १७६० च्या व्यापारात लाकडाचा धंदा बसत नाही. आणि जमीन तुमची म्हणायची, तर इंग्रजांची सत्ता आली तेव्हा, म्हणजे मुख्य भूमीवर १७१३ साली आणि केप ब्रेटन बेटावर १७६३ साली, त्या ठिकाणी तुमचा नियमित आणि इतरांना वगळून ताबा होता हे दाखवा. ऋतूप्रमाणे फिरणाऱ्या लोकांनी हे कसे दाखवावे? जो उन्हाळ्यात किनाऱ्यावर आणि हिवाळ्यात जंगलात असतो, त्याची जमीन कोणती? २०१४ साली कॅनडाच्या दुसऱ्या टोकाला, ब्रिटिश कोलंबियातील त्सिल्कोतिन लोकांच्या खटल्यात याच न्यायालयाने फिरत्या वहिवाटीचाही पुरावा धरला आणि सुमारे १७५० चौरस किलोमीटरवर त्यांची मालकी मान्य केली. मिकमाकांच्या जमिनीबाबत असा निकाल लागलेला नाही.

मासेमारीचे पुढे काय झाले? निकालानंतर बिगर-मिकमाक मच्छीमार बिथरले. १७ नोव्हेंबर १९९९ रोजी न्यायालयाने खुलासा केला, की हा हक्क ‘मध्यम उपजीविके’पुरता आहे, धनसंचयासाठी नाही, आणि संवर्धनासारख्या सबळ कारणासाठी सरकार त्याचे नियमन करू शकते. मात्र ते कारण सरकारने सिद्ध केले पाहिजे. आमच्या विज्ञानाचा संबंध इथे येतो.

१७ सप्टेंबर २०२० रोजी सिपेकनेकाटिक या मिकमाक समूहाने सेंट मेरीज उपसागरात स्वतःचे परवाने देऊन लॉबस्टर धरायला सुरुवात केली. लॉबस्टर म्हणजे आपल्या शेवंडीचा नांग्यांवाला भाऊबंद. या किनाऱ्यावर सरकारी हंगाम नोव्हेंबर अखेरीपासून मे अखेरीपर्यंत असतो. ‘साठा संपेल’ अशी ओरड झाली आणि ऑक्टोबरमध्ये मिकमाकांचा माल ठेवलेले एक कोठार जळाले.

मुलांना गणित घालावे. मिकमाकांचे प्रत्येक परवान्यामागे ५० सापळे. दहा परवाने धरले तर ५००. त्याच विभागात व्यापारी परवाने नऊशेहून अधिक आणि प्रत्येकी किमान ३७५ सापळे, म्हणजे तीन लाखांहून जास्त. प्रमाण हजारात दोनपेक्षाही कमी. पण गणित करून लगेच हात झटकू नयेत. उन्हाळ्यात लॉबस्टर उथळ पाण्यात येतो, कात टाकतो, त्याचे कवच मऊ असते. एका लहान उपसागरात सगळे सापळे पडले तर तिथल्यापुरता परिणाम होऊ शकतो. दुसरीकडे, नॉर्थम्बरलँड सामुद्रधुनीत कॅनडाच्याच एका विभागाचा सरकारी हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि शेजारच्या अमेरिकेतील मेन राज्यात वर्षभर लॉबस्टर धरतात. म्हणजे हंगामाच्या तारखा केवळ प्राण्याच्या जीवनक्रमातून आलेल्या नाहीत. बाजार, हवामान आणि वाटणीही त्यात आहेत. आपल्याकडे पावसाळी मासेमारीबंदी यांत्रिक नौकांना असते, बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना नसते. तेव्हा कोणी किती धरतो, हे पाहून नियम वेगळा ठेवणे काही जगावेगळे नाही.

ईलची गोष्ट मात्र अधिक काळजीची आहे. अमेरिकन ईल अंडी घालायला सारगासो समुद्रात जातो आणि पिल्ले हजारो किलोमीटर वाहत नद्यांत येतात. २०१२ मध्ये कॅनडाच्या वन्यजीव मूल्यांकन समितीने त्याला ‘धोक्यात’ म्हटले. कारणांत मासेमारी आहे, पण नद्यांवरची धरणे, जनित्रांची पाती आणि वाताशयातला एक परजीवी कृमीही आहे. हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून भाल्याने ईल मारणारा आणि त्यातले चार वृद्ध शेजाऱ्यांना पोचवणारा मिकमाक या यादीत कितवा लागतो, हे मुलांनी शोधावे. मिकमाक भाषेत ‘नेटुकुलिम्क’ असा शब्द आहे: पुढच्यांसाठी उरेल इतकेच निसर्गातून घेणे. एस्कासोनीचे ज्येष्ठ अल्बर्ट मार्शल यांनी २००४ मध्ये ‘एटुआप्टमुम्क’, म्हणजे दोन डोळ्यांनी पाहणे, ही कल्पना मांडली. एका डोळ्याने लोकांचे अनुभवज्ञान, दुसऱ्याने आपले विज्ञान. केप ब्रेटन विद्यापीठात ती विज्ञानाच्या अध्यापनात आली. नोव्हा स्कोशियातील शाळांत २०१५ पासून तहांचे शिक्षण सुरू झाले, तेही केवळ मिकमाक मुलांसाठी नव्हे. तह दोघांचा, तेव्हा तो वाचायचाही दोघांनी, अशी त्यामागची भूमिका.

‘मध्यम उपजीविका’ म्हणजे नेमके किती, याचा आकडा कोणी दिलेला नाही. न्यायालयाच्या मते अन्न, वस्त्र, निवारा आणि वर थोड्या सोयी. २०२१ पासून काही मिकमाक समूह सरकारशी तात्पुरत्या समजुती करून नेहमीच्या हंगामात लॉबस्टर धरतात. काहींना ती तडजोड मान्य नाही, कारण तारखा पुन्हा सरकारच्याच. डोनाल्ड मार्शल २००९ मध्ये वारले. ईलच्या खटल्याआधी, न केलेल्या खुनासाठी, त्यांनी ११ वर्षे तुरुंगात काढली होती. १९८३ मध्ये ते निर्दोष ठरले, तेही पुरावा नव्याने वाचल्यावर.